लाईट आली पण नेट न्हाई: नेटवर्क कार्ड बूटला आपोआप चालू करावं की हातानं?

लेथवाला

राम राम मंडळी. आमचं शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक सीएनसी, आणि पत्र्याच्या पार्टिशनमागं एक टेबल. त्याला आम्ही ऑफिस म्हणतो. टेबलावर जुना कॉम्प्युटर आहे. भाच्यानं त्यात विंडोजऐवजी उबंटू १६.०४ (लिनक्सचा एक प्रकार) टाकून दिलं आणि तो गेला पुण्याला नोकरीला. आजवर तक्रार नव्हती.

कॉम्प्युटरला दोन नेटवर्क कार्डं आहेत. पहिल्याची वायर राऊटरला जाते. त्यावर बिलं, जीएसटी, मेल. दुसऱ्याची वायर थेट सीएनसीच्या कंट्रोलरला, प्रोग्रॅम पाठवायला. मशीनला प्रोग्रॅम दिवसातनं दोन-तीनदाच जातो, बाकीचा वेळ ती वायर असून नसल्यासारखी.

आता दुखणं. आमच्याकडं लाईट जाते-येते ते तुम्हाला सांगायला नको. लाईट आली की कॉम्प्युटर आपला आपण चालू होतो, पण काळ्या पडद्यावर लाल चांदण्या इकडनं तिकडं फिरत बसतात आणि शेजारी लिहून येतं, ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर रेझ नेटवर्क इंटरफेसेस’. पुढं सेकंद मोजत जातो, पार ५ मिनिटांपर्यंत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पोराला विचारलं, जॉब चकमध्ये बांधलाच नाही तर रनिंग कसा? आता पोरगं काय करतंय, चांदण्या दिसल्या की चहाला जातंय. दिवसातनं तीनदा लाईट गेली तर तीन चहा.

भाच्यानं लिहिलेली /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस फाईल अशी आहे:

ऑटो लो
आयफेस लो आयनेट लूपबॅक

ऑटो ईएनपी२एस०
आयफेस ईएनपी२एस० आयनेट डीएचसीपी

ऑटो ईएनपी३एस०
आयफेस ईएनपी३एस० आयनेट डीएचसीपी

शेवटचं, ईएनपी३एस० हे कार्ड मशीनचं. प्रोग्रॅम पाठवायच्या आधी पोरगं हातानं ‘सुडो आयएफकॉन्फिग ईएनपी३एस० १९२.१६८.१०.५’ असं मारतं. भिंतीवर कागद चिकटवलाय.

प्रश्न एवढाच की हे दुसरं कार्ड बूटला चालूच होऊ नये, मला पाहिजे तेव्हाच हातानं चालू करता यावं, असं होतं का? भाचा फोन उचलत नाही.

काळी_खिडकी

होतं की. ‘ऑटो ईएनपी३एस०’ ही एक ओळ काढा. खालची आयफेसची ओळ राहू द्या. पाहिजे तेव्हा ‘सुडो आयएफअप ईएनपी३एस०’, काम झालं की ‘आयएफडाऊन’. विषय संपला.

पांढरा_रस्सा

एवढ्यात संपला? मी आत्ताच पाट मांडून बसलो होतो.

काळी_खिडकी

@पांढरा_रस्सा, बसा बसा, शाहूपुरीकर यायचेत अजून.

लेथवाले, जरा उलगडून सांगतो. बूट होताना नेटवर्किंग नावाची सर्व्हिस ‘आयएफअप -ए’ चालवते. हा ‘-ए’ म्हणजे ज्यांच्यापुढं ऑटो लिहिलंय ती सगळी कार्डं, वरनं खाली, एकामागनं एक. एखादं अडलं की तिथंच सगळं थांबतं. ज्याच्यापुढं ऑटो नाही त्याच्याकडं ती ढुंकूनही बघत नाही. आयफेसची ओळ म्हणजे नुसती कृती लिहून ठेवल्यासारखं आहे. स्वयंपाक करायचा की नाही ते ऑटो ठरवतं.

‘लो’ची ऑटो ओळ मात्र काढू नका. ते कॉम्प्युटरचं स्वतःशीच बोलणं आहे, छपाईपासून डेटाबेसपर्यंत निम्मा गाव त्यावर चालतो.

शाहूपुरीकर

काळी_खिडकी यांच्याशी असहमत. ऑटो काढून त्या जागी ‘अलाऊ-हॉटप्लग ईएनपी३एस०’ लिहा. म्हणजे वायर लावली की कार्ड आपोआप चालू, काढली की बंद. हाताचं कामच नको. नावातच आहे, हॉटप्लग.

पांढरा_रस्सा

आले. 😄

कळंब्याची_ताई

शाहूपुरीकर, हा गैरसमज मी इतक्या ठिकाणी पाहिलाय की आता राग पण येत नाही.

हॉटप्लग म्हणजे *वायर* लावणं नव्हे, *कार्ड* लावणं. कर्नलला, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याला, नवीन नेटवर्क कार्ड दिसलं की यूडेव्ह नावाचा त्याचा निरोप्या आवाज देतो, ‘पाहुणा आलाय’, आणि त्यावर आयएफअप चालतं. आता यांचं कार्ड आहे मदरबोर्डच्या खाचेत स्क्रूनं आवळलेलं. ते दिसणार एकदाच, बूट होताना. म्हणजे हॉटप्लग लिहूनही ते बूटलाच चालू होणार, वायर असो वा नसो. तुम्ही नंतर दहा वेळा वायर काढा-घाला, आयएफअपला त्याचा पत्ताही लागत नाही. वायरीकडं लक्ष ठेवायला वेगळा माणूस लागतो. जुन्या काळी आयएफप्लगडी होता, आता नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी-नेटवर्कडी ते करतात.

फरक एवढाच की हॉटप्लगवालं कार्ड बूटच्या रांगेत उभं राहत नाही, बाजूनं चालू होतं. त्यामुळं पडद्यावरच्या चांदण्या जातील हे खरं. पण त्याची किंमत असते. आमच्या ऑफिसात एक सर्व्हिस ठरावीक पत्त्यावर ऐकायला बसायची. कार्ड बाजूनं चालू होतंय, पत्ता अजून मिळालेला नाही, आणि ही आधीच येऊन ‘असा पत्ताच नाही’ म्हणून मरून पडायची. आठवड्यातनं एखाद्या वेळीच. अशी चूक शोधताना माणसाचे केस पांढरे होतात. शेवटी त्या कार्डाला ऑटो लावलं तेव्हा थांबलं.

हॉटप्लग खरा शोभतो तो यूएसबी डोंगलला.

शाहूपुरीकर

माझ्या लॅपटॉपवर वायर लावली की चालू होतं, हे मी डोळ्यांनी बघतो.

कळंब्याची_ताई

तुमच्या लॅपटॉपवर नेटवर्कमॅनेजर असणार. श्रेय त्याचं, नाव हॉटप्लगचं. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ मारून बघा.

शाहूपुरीकर

बघितलं. बरं. ठीक आहे. पण नाव चुकीचं ठेवलंय राव त्यांनी.

पेन्शनर_ताराबाई_पार्क

नमस्कार. मी निवृत्त माणूस, सेवेत असताना लिनक्सशी कधी संबंध आला नाही, आता हौसेनं शिकतो आहे. माझ्याही फाईलमध्ये ‘आयनेट’पुढे काय लिहावे याचे पर्याय पाहताना ‘मॅन्युअल’ असा शब्द दिसला. लेथवाले यांना हाताने चालू करायचे आहे, तर ‘आयफेस ईएनपी३एस० आयनेट मॅन्युअल’ असे लिहिणे हे सरळ उत्तर नव्हे काय? मी तसे केले होते, परंतु माझे नेट बूटला चालू झाल्यासारखे दिसते आणि चालत मात्र नाही.

काळी_खिडकी

काका, हा शब्द भल्याभल्यांना फसवतो. तिथला मॅन्युअल म्हणजे ‘हातानं सुरू करा’ नव्हे. त्याचा अर्थ ‘पत्ता देऊ नकोस, तो मी माझा बघतो’. कार्ड कधी चालू व्हायचं हे ऑटो ठरवतं, चालू झाल्यावर पत्ता कुठनं घ्यायचा हे आयनेटपुढचा शब्द ठरवतो. डीएचसीपी म्हणजे मागून घे, स्टॅटिक म्हणजे हा घे लिहून दिलेला, मॅन्युअल म्हणजे गप्प बस. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या.

तुमच्याकडं ऑटो आणि मॅन्युअल दोन्ही असणार. म्हणजे कार्ड बूटला उठतंय आणि बिनपत्त्याचं बसून राहतंय. ही जोडी ब्रिज (दोन-तीन कार्डं एकत्र जोडणं) करताना मुद्दाम वापरतात, कारण तिथं पत्ता ब्रिजला असतो, कार्डाला नसतो. तुम्हाला डीएचसीपी पाहिजे.

पेन्शनर_ताराबाई_पार्क

केले. चालू झाले. आपला ऋणी आहे. गेला दीड महिना मी नातवाच्या फोनच्या हॉटस्पॉटवर होतो, घरात कोणाला सांगितले नव्हते.

पांढरा_रस्सा

काकांना दंडवत. 🙏 हॉटस्पॉटचं नातवाला कळलं का?

पेन्शनर_ताराबाई_पार्क

डेटा संपल्यावर कळले.

लॅब_असिस्टंट

या विषयावर माझी एक जुनी ठसठस आहे, ओकूनच टाकतो. कॉलेजच्या लॅबमध्ये (नाव नको) २४ मशीनवर सेंटओएस ६ (रेड हॅटच्या घराण्यातलं लिनक्स) टाकायचं होतं. मिनिमल टाकलं. एकाही मशीनला नेट नाही. वायर बदलली. क्रिंपिंग पुन्हा केलं. स्विच बदलला. मग स्विच विकणाऱ्याला फोन करून दोन शब्द सुनावले. संध्याकाळपर्यंत मी आणि शिपाईमामा जमिनीवर पालथे पडून वायरी तपासत होतो.

आणि होतं काय? /ईटीसी/सिसकॉन्फिग/नेटवर्क-स्क्रिप्ट्स/आयएफसीएफजी-ईटीएच० या फाईलमध्ये एक ओळ, ‘ऑनबूट=नो’. इन्स्टॉल करतानाच तो नो लिहून ठेवतो, तुम्ही सांगितलं नाही तर. बूटला कार्ड चालू करायचंच नाही असा हुकूम होता आणि मी वायरीला दोष देत होतो. चोवीस मशीनवर नोचं येस केलं, पंधरा मिनिटं लागली.

रेड हॅटच्या घराण्यात ऑटोचं काम हा ऑनबूट करायचा. आता आरएचईएल ९ पासून त्या नेटवर्क-स्क्रिप्ट्स गेल्याच, सगळं नेटवर्कमॅनेजरकडं. तिथं ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’ पुढं कनेक्शनचं नाव आणि ‘कनेक्शन.ऑटोकनेक्ट नो’. मग हातानं ‘एनएमसीएलआय कनेक्शन अप’.

स्विचवाल्याला परत फोन केला का, असं कुणी विचारू नये.

पांढरा_रस्सा

केला का?

लॅब_असिस्टंट

नाही. पण पुढचे सगळे स्विच त्याच्याकडनंच घेतले.

नवा_कोरा

मुळात १६.०४ अजून का चालवताय? त्याचा नेहमीचा सपोर्ट २०२१ साली संपला. त्यावर तुम्ही जीएसटी भरताय! नवीन एलटीएस (जास्त वर्षं सपोर्ट मिळणारं उबंटू) टाका. १८.०४ पासून नेटप्लॅन आहे, ही इंटरफेसेस फाईलच नको. /ईटीसी/नेटप्लॅनमध्ये यामल फाईल लिहायची, त्या कार्डाखाली ‘ऑप्शनल: ट्रू’. मग बूट त्याच्यासाठी थांबत नाही.

लॅब_असिस्टंट

यामलमध्ये स्पेसऐवजी टॅब पडला की बसा बोंबलत.

कळंब्याची_ताई

नवा_कोरा, सपोर्टचं अगदी बरोबर. लेथवाले, हे मनावर घ्याच. पण नेटप्लॅन आलं म्हणून थांबणं संपलं असं नाही. तिथं नेटवर्कडीचा ‘वेट-ऑनलाइन’ नावाचा पहारेकरी असतो, तो सगळी कार्डं तयार होईपर्यंत २ मिनिटं दार अडवून बसतो. ऑप्शनल म्हणजे ‘याच्यासाठी थांबू नको’ एवढंच. कार्ड चालू व्हायचं ते होतंच. हातानंच चालू करायचं असेल तर ‘अ‍ॅक्टिव्हेशन-मोड: मॅन्युअल’ वेगळं आहे, तेही नव्या नेटप्लॅनमध्येच. इथला मॅन्युअल मात्र खरोखर हाताचा. (काका, हसू नका.)

नेटप्लॅनची मला आवडलेली एकच गोष्ट म्हणजे ‘नेटप्लॅन ट्राय’. बदल लावतो आणि १२० सेकंदांत तुम्ही एंटर मारला नाही तर आपणहून जुन्यावर येतो.

इचलकरंजी_रोड

ताईंनी ‘ट्राय’चं नाव काढलं आणि जखम भळभळली.

दिवाळीतली गोष्ट, पाडव्याची सकाळ. अभ्यंगस्नान करून, फराळाचं ताट शेजारी ठेवून, घरनं राजारामपुरीतनं इचलकरंजीच्या एका क्लायंटच्या सर्व्हरवर एसएसएच केलं, म्हणजे नेटवरनं दुरूनच आत शिरलो. छोटा बदल होता. फाईल बदलली, आणि तो लागू व्हावा म्हणून ‘आयएफडाऊन ईटीएच०’ मारलं. पुढची आज्ञा ‘आयएफअप ईटीएच०’ होती. ती टाइप करायला बोटं कीबोर्डवर आली आणि लक्षात आलं, मी ज्या फांदीवर बसलोय तीच तोडली.

गाडी काढली. कुलूप उघडायला मालकांना उठवलं. त्यांनी आधी लाडू दिला, मग शिव्या. सर्व्हरपुढं बसून नऊ अक्षरं टाइप केली आणि आलो तेवढेच किलोमीटर परत.

तेव्हापासून दोन्ही आज्ञा एकाच ओळीत, मध्ये सेमीकोलन, आणि त्या पण टीमक्सच्या आत, म्हणजे माझं कनेक्शन तुटलं तरी त्या पुढं चालू राहतात. शिवाय फाईलला हात न लावता नुसता ‘आयपी’ आज्ञेनं बदल करून बघायचा असेल तर आधी ‘शटडाऊन -आर +५’ लावून ठेवतो. ‘आयपी’नं केलेलं काही रीबूटनंतर टिकत नाही. बाहेर पडलो तर पाच मिनिटांत सर्व्हर आपोआप रीबूट होऊन जुन्या फाईलवर येतो. जमलं तर ‘शटडाऊन -सी’.

पांढरा_रस्सा

लाडू कसला होता?

इचलकरंजी_रोड

बेसन. आयुष्यात इतका कडू बेसन लाडू खाल्ला नाही.

गुळाची_ढेप

@लेथवाला, नवीन उबंटू-बिबंटूच्या भानगडीत पडू नका आत्ता. नेटवर्किंग सर्व्हिसच्या फाईलमध्ये ‘टाइमआऊटस्टार्टसेक=५मिन’ अशी ओळ आहे, तिथं १०सेक करा. दहा सेकंदांत विषय हार्ड. मी आमच्या अडतीच्या दुकानात हेच केलंय.

काळी_खिडकी

ढेप, लाईट आल्यावर तुमच्या दुकानातलं नेट पहिल्या झटक्यात चालू होतं का?

गुळाची_ढेप

तसं एकदा परत रीबूट मारावं लागतं. का?

काळी_खिडकी

कारण लाईट येते तेव्हा राऊटर पण शून्यापासनं चालू होत असतो. त्याला दीड-दोन मिनिटं लागतात. तुमचा कॉम्प्युटर त्याच्याआधी उठून पत्ता मागतो, समोर कुणी नाही, दहा सेकंदांत हात झटकून मोकळा. मग दुसऱ्या बूटला राऊटर जागा असतो म्हणून चालतं. दुखणं तसंच ठेवून कण्हणं तेवढं कमी केलंत तुम्ही. वाट बघणं वाईट नाही, चुकीच्या दारात वाट बघणं वाईट.

गुळाची_ढेप

आयला. तीन वर्षं झाली, मी राऊटरवाल्याला नावं ठेवतोय.

लॅब_असिस्टंट

या माझ्या शेजारी बसा.

बावड्याचा_पाऊस

हातानं चालू करायच्या कार्डाची माझी गोष्ट वेगळी आहे, ती पण नोंदवतो.

मी कसबा बावड्यात राहतो. घरातनंच चार-पाच दुकानांचे बॅकअप आणि कॅमेरे सांभाळतो. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतोय ना. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि पाणी त्याच्या कितीतरी वर. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. फायबर गेली ती गेलीच. माझ्याकडं फोर-जी डोंगल होतं, तयारीचा माणूस म्हणून कायम लावून ठेवलेलं, ऑटोवर. मी निवांत.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगलचा डेटा संपला. रिचार्जची दुकानं बंद. बघतो तर काय, फायबर गेल्या क्षणी सगळा रस्ता डोंगलकडं वळला होता, आणि त्यावरनं रात्रभर अपडेट आणि कॅमेऱ्यांचे बॅकअप ओसंडून गेले. ज्या कामासाठी ते डोंगल होतं, म्हणजे माणसांना निरोप पाठवायला, त्याला थेंब उरला नाही.

तेव्हापासून डोंगल हातानंच. ऑटोकनेक्ट नो. फायबर गेली तर मी आधी बॅकअप थांबवतो, मग डोंगल उठवतो. २०२१ च्या जुलैला परत पाणी आलं तेव्हा त्याच डेटावर दिवस काढले.

कुणी म्हणेल मेट्रिक लाव, ज्याचा आकडा लहान तो रस्ता आधी. लावा की. नेटवर्कमॅनेजर वायरीला १०० आणि मोबाईलला ७०० आपणहून देतोच. पण वायरच मेली तर १०० असलेला कुणी उरतच नाही, सगळं ७०० वाल्याच्या अंगावर. काय पाठवायचं आणि काय नाही हे माणसानंच ठरवायला लागतं.

कळंब्याची_ताई

हे पटलं. पैसे लागतात ते कार्ड हातानं. एक भर घालते. यूएसबीवरच्या अशा डोंगलचं नाव ‘ईएनएक्स’ आणि पुढं मॅक पत्त्याची (कार्डाच्या स्वतःच्या ओळख-नंबराची) बारा अक्षरं असं येतं. फोन यूएसबीनं जोडून नेट घेत असाल तर काही फोन दरवेळी नवा मॅक घेतात, म्हणजे नाव पण दरवेळी नवं. मग फाईलमध्ये लिहून ठेवलेलं कार्ड सापडतच नाही.

इचलकरंजी_रोड

नावांचं तर बोलूच नका. जुन्या ईटीएच०, ईटीएच१ चं सुख गेलं. २०१३ च्या सुमाराला सिस्टमडीनं ही नवी नावं आणली. पी म्हणजे पीसीआय बस, एस म्हणजे खाच. एका कारखान्यात नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि बसचे आकडे सरकले. ईएनपी३एस० चं झालं ईएनपी४एस०. फाईलमध्ये जुनं नाव, बूटला ‘असं डिव्हाइसच नाही’. आणि नेट गेलंय ग्राफिक्स कार्डामुळं, हे मालकाला पटवायचं कसं?

शाहूपुरीकर

ईटीएच० मध्ये पण सुख नव्हतं हो. कार्ड जळालं, नवं घातलं की ते ईटीएच१ व्हायचं, कारण ७०-पर्सिस्टंट-नेट.रूल्स मध्ये जुन्याचा मॅक ईटीएच० म्हणून कोरलेला असायचा. मेलेल्या माणसाची खुर्ची राखून ठेवल्यासारखं.

कळंब्याची_ताई

हे मात्र शंभर टक्के बरोबर, शाहूपुरीकर.

शाहूपुरीकर

स्क्रीनशॉट घेऊन ठेवतो.

पांढरा_रस्सा

रच्याकने, रविवारी गंगावेशीत दूध प्यायला कोण कोण येतंय? लिनक्सवाले सगळे एकदा समोरासमोर तरी बघू.

लॅब_असिस्टंट

मी येतो. स्विचवाल्याला पण आणतो.

बावड्याचा_पाऊस

पाऊस नसला तर.

कळंब्याची_ताई

दुधाचं ठरवा, पण त्याआधी कुणीतरी लेथवाल्यांची फाईल परत नीट वाचा. मी काल रात्री वाचली आणि आपण सगळेच त्यावरनं गाडी घालून पुढं गेलो असं वाटलं.

ईएनपी३एस० पुढं डीएचसीपी लिहिलंय. ती वायर कुठं जाते? थेट सीएनसीच्या कंट्रोलरला. मध्ये राऊटर नाही. मग पत्ता देणार कोण? हे कार्ड रोज पाच मिनिटं कुलूपबंद घरापुढं उभं राहून ‘कुणी आहे का’ म्हणून हाका मारतंय. मशीन चालू असलं, वायर नीट बसलेली असली, तरी मारणार, कारण मशीन पत्ते वाटत नाही. म्हणूनच पोराला दरवेळी आयएफकॉन्फिग मारायला लागतं.

मुद्दा ऑटो की हातानं हा नव्हताच. तिथं डीएचसीपी नकोच. असं लिहा:

ऑटो ईएनपी३एस०
आयफेस ईएनपी३एस० आयनेट स्टॅटिक
अ‍ॅड्रेस १९२.१६८.१०.५
नेटमास्क २५५.२५५.२५५.०

गेटवेची (बाहेरच्या नेटचं दार कुठलं ते सांगणारी) ओळ लिहू नका. लिहिलीत तर एखाद्या दिवशी तुमचा जीएसटीचा रिटर्न सीएनसीकडं निघेल. राऊटरचं जाळं पण १९२.१६८.१० चं नाही ना, तेवढं बघून घ्या. लिहून दिलेला पत्ता लावायला कुणाची वाट बघावी लागत नाही. वायर नसली तरी तो क्षणात लागतो. त्यामुळं ऑटो राहिला तरी बूट अडणार नाही, आणि भिंतीवरचा कागद काढता येईल.

काळी_खिडकी

ताई, मान गये. मी पहिल्याच उत्तरात ‘विषय संपला’ लिहिलंय ते आता वाचवत नाही.

तरी पण मी ऑटो काढाच म्हणेन, वेगळ्या कारणानं. या कॉम्प्युटरवर मेल उघडतात, आणि १६.०४ आहे. मशीनचा कंट्रोलर तर त्याहून जुना असणार, त्याला पासवर्डबिसवर्ड काही नसणार. लागेल तेव्हा पाच मिनिटं जोडा, मग आयएफडाऊन.

कळंब्याची_ताई

विचार चांगला आहे. पण संध्याकाळी सात वाजता, शेवटचा जॉब उतरवून, हात तेलानं माखलेले असताना ते पोरगं आयएफडाऊन मारेल का? मला शंका आहे. त्यापेक्षा नवा_कोरा म्हणतात ते करा, सिस्टम बदला.

नवा_कोरा

धन्यवाद. शेवटी कुणीतरी.

लेथवाला

मंडळी, उशीर झाला, ऑर्डर होती. सगळं वाचलं. काही समजलं, काही पोराकडनं समजून घेतलं.

आधी चूक सांगतो. या कट्ट्यावर सगळं देवनागरीत लिहायचा नियम आहे, ते ठीक. आमच्या पोरानं ताईंच्या चार ओळी इथनं उचलल्या आणि तशाच फाईलमध्ये चिकटवल्या. ‘ऑटो’, ‘आयफेस’, सगळं मराठीत. रीबूट केल्यावर पहिलं कार्ड पण गेलं. मग इंग्रजीत टाइप केलं.

तरी दुसरी भानगड झालीच. सवयीनं पोरानं आधी कागदावरची आयएफकॉन्फिगची ओळ मारली, मग आयएफअप. तर तो म्हणतोय ‘आरटीनेटलिंक आन्सर्स: फाईल एक्झिस्ट्स’. कसली फाईल, कुठं आहे, अर्धा तास शोधली.

काळी_खिडकी

फाईल नव्हे हो. पत्ता आधीच लावलेला आहे, परत कशाला लावताय, असं म्हणायचंय त्याला. त्यांना बोलता येत नाही नीट. ‘सुडो आयपी अ‍ॅडर फ्लश डेव्ह ईएनपी३एस०’ मारा आणि मग आयएफअप. आणि तो कागद फाडा.

लेथवाला

फाडला. चाललं. ऑटो ठेवलाय, स्टॅटिक केलंय, गेटवे नाही. आज दुपारी लाईट गेली-आली. पोरगं सवयीनं उठून दारापर्यंत गेलं आणि मागं वळून बघतंय तर लॉगिनचा पडदा आलेला. ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम’ मारून बघितलं. नेटवर्किंगला आता राऊटर उठायला लागतो तेवढाच वेळ, आणि राऊटर यूपीएसवर टाकल्यावर तो पण गेला.

नवीन उबंटूचं भाच्याला सांगितलंय, गणपतीला येतोय तेव्हा करतो म्हणाला. मशीनचं कार्ड हातानं ठेवायचं की नाही ते तेव्हा बघू.

एक नवी तक्रार तेवढी आहे. पोरगं म्हणतंय, मालक, माझा चहा गेला.

पांढरा_रस्सा

त्याला परत डीएचसीपी लावून द्या.